साडी गार्ड ते सीट : एका क्रूझरची शोधाशोध

गेले तीन वीकेंड काही लिहिलं नाही, कारण मी गाडी शोधत होते. कार नव्हे, मोटरसायकल. आणि मोटरसायकलमध्येही क्रूझर, म्हणजे ती लांबुडकी, पुढचं चाक जरा पुढे काढलेली, बुटक्या सीटची, जिच्यावर माणूस आरामखुर्चीत बसल्यासारखा बसतो ती. वर्षभर सोलापुरातूनच काम करते आहे आणि महिन्यातून दोनदा पुण्याला ऑफिसात तोंड दाखवावं लागतं. एसटीचा कंटाळा आला. शिवाय खरं सांगायचं तर इच्छा होती. सगळ्या गोष्टींना कारण कशाला हवं?

तर झालं असं की सोलापुरातल्या एका शोरूममध्ये गेले. नाव सांगत नाही. बाबा सोबत होते. सेल्समन बाबांशी बोलायला लागला. मी म्हणलं, गाडी मला घ्यायचीय. त्याने मागे वळून हाक मारली, "अरे, मॅडमना स्कूटर दाखव रे!" मी म्हणलं, स्कूटर नको, ती कोपऱ्यातली दाखवा. तो बाबांकडे बघून हसला. बाबाही हसले. (बाबांचं हसणं जास्त लागलं.) बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "गाडी घेऊलालीस का रणगाडा?"

त्याच आठवड्यात दुसरी गोष्ट झाली आणि ती मी घरी सांगितली नव्हती. एका मित्राची साडेतीनशे सीसीची गाडी चालवून बघत होते. चालत्या गाडीचा काहीच त्रास नाही, मजेत चालली होती. सात रस्त्याला सिग्नल लागला, थांबले, डावा पाय खाली टेकवायला गेले तर तिथे नेमका रस्ता खचलेला. टाचेखाली काही लागलंच नाही. गाडी सावकाश, अगदी सावकाश डावीकडे झुकली आणि मी तिच्यासोबत गेले. वेग शून्य. लागलं काही नाही, फक्त आरसा तुटला आणि आजूबाजूच्या दहा जणांनी मदत करता करता दहा सल्ले दिले. सगळ्या सल्ल्यांचा मथितार्थ एकच: ताई, ही तुमच्यासाठी नाही.

आता माझी उंची १५५ सेंटीमीटर. त्या गाडीचं वजन दोनशे किलोच्या आसपास. मला ती पेलली नाही हे खरंच आहे. पण घरी येऊन विचार करताना इंजिनिअरचा किडा वळवळायला लागला. 'ही गाडी माझ्यासाठी नाही' हे वाक्य मी ऐकलं, पण मग ती कोणासाठी बनवली होती? कोणीतरी, कधीतरी, कुठल्यातरी ड्रॉइंग बोर्डावर चालवणाऱ्याचं एक माप धरलं असणार. ते माप कोणाचं? एवढ्या एका प्रश्नावर दोन शनिवार-रविवार गेले. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडते.

सुरुवात कायद्यापासून करू, कारण तिथे मला सगळ्यात मोठी गंमत सापडली. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९. त्यातला १२३ वा नियम सांगतो की मागे बसायची सोय असलेल्या मोटरसायकलला धरायला कायमची मूठ हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकेल असं संरक्षण हवं. का? तर मागे बसलेल्या व्यक्तीचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून. म्हणजेच आपलं साडी गार्ड! नियमात 'साडी' हा शब्द नाही, पण कोणाचे कपडे चाकात जातात हे सगळ्यांना माहीत होतं. नियम चांगलाच आहे, त्याने किती जीव वाचवले असतील. पण बघा, भारतीय मोटरसायकलवर बाईची जागा नुसती रूढीने ठरलेली नव्हती. ती लोखंडात वाकवून, वेल्डिंग करून गाडीला बसवलेली होती. मागे, एका बाजूला पाय सोडून.

पुढची जागा बाईला मिळाली ती मोटरसायकलवर नाही, लूनावर.

लूना १९७२ सालची. फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगची, म्हणजे आपल्या पुण्या-नगरचीच. पियाजिओच्या 'चाओ' नावाच्या मोपेडवरून घेतलेली, ५० सीसी, पायडल असलेली. पेट्रोल संपलं तर सायकलसारखी मारत घरी आणायची. त्याच साली बजाजचं चेतकही आलं, पण चेतकसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे आणि आलं की ते घरातल्या कर्त्या पुरुषाचं व्हायचं. लूना मात्र कोणाचीही असायची. माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. लग्नानंतर दोन वर्षांनी तिने लूना घेतली ती स्वतःच्या पगारातून. नऊवारी नेसणाऱ्या आजीला ते अजिबात आवडलं नव्हतं म्हणे. शाळा अक्कलकोट रोडला, जाऊन-येऊन बावीस किलोमीटर, मे महिन्यात डोक्यावर ४२-४३ डिग्रीचं ऊन. आई अजून सांगते की लूना घेतल्यापासून शाळेतून घरी येताना 'कोण सोडेल' हा प्रश्न आयुष्यातून गेला. मी हे वाक्य शंभरदा ऐकलंय, पण या वेळी पहिल्यांदा नीट ऐकलं.

मग १९८४ ला कायनेटिक होंडा आली. गिअर नाही आणि बटण दाबलं की सुरू. हे बटण प्रकरण वाटतं तेवढं साधं नाही. मोटारींच्या इतिहासातही हेच झालं होतं. १९१२ सालच्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा इलेक्ट्रिक स्टार्टर बसला. तोपर्यंत पुढे उभं राहून हँडल फिरवावं लागायचं आणि ते उलटं फिरलं तर मनगट मोडायचं. बटण आलं आणि मोटारी चालवणाऱ्या बायका वाढल्या. बायकांची ताकद एका रात्रीत वाढली नव्हती, यंत्राने त्यांच्याकडून नको ती ताकद मागायचं सोडलं.

आपल्याकडे मनगटाऐवजी नडगी. जुन्या बुलेटची किक ज्याने मारली आहे त्याला हे सांगायला नको. अ‍ॅम्पिअरचा काटा मध्यावर आणायचा, डीकॉम्प्रेसर दाबायचा, मग पूर्ण वजन टाकून लाथ घालायची. चुकलं तर किक उलटी येऊन नडगीवर बसायची. वर गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. ही गाडी मुळात इंग्लंडच्या रेडिचची. १९५५ साली मद्रासला 'एनफिल्ड इंडिया' स्थापन झाली आणि ती इथली झाली. आपल्या सैन्याला सीमेवरच्या गस्तीसाठी ती हवी होती. म्हणजे ज्याचं माप धरलं तो जवान. उंचापुरा, बूट घातलेला, गाडी बंद पडली तर ढकलायला सोबत दोन सहकारी असलेला. इलेक्ट्रिक स्टार्ट आणि डाव्या पायाचा गिअर बुलेटमध्ये रुळायला २००० नंतरचं दशक उजाडावं लागलं आणि २००९ च्या सुमाराला नवीन इंजिन आल्यावर ती खऱ्या अर्थाने 'बटण दाबा आणि जा' गाडी झाली. जुने बुलेटवाले यावर अजून नाराज आहेत. असू देत.

मधल्या काळात मोपेड-स्कूटरचा रस्ता बायकांनी भरून टाकला होता. १९९४ ची स्कूटी, २००१ ची अ‍ॅक्टिव्हा. पुण्यात तर तोंडाला स्कार्फ गुंडाळून निघालेल्या मुलींचे जथे ही शहराची ओळखच झाली. हे सगळं चांगलं झालं, यात वादच नाही. पण त्याचबरोबर एक भिंतही उभी राहिली. २००१ च्या नोव्हेंबरात पल्सर आली तेव्हा तिच्या जाहिरातीत गाडी चक्क 'मेल' असल्याचं जाहीर केलं होतं. २००५ ला हिरो होंडाची प्लेझर आली, जाहिरातीत प्रियांका चोप्रा, आणि सवाल असा की सगळी मजा पोरांनीच का करायची. सवाल बरोबर. उत्तर मात्र शंभर सीसीची बिनगिअरची स्कूटर! म्हणजे मजा करा, पण त्या कुंपणाच्या आत.

या भिंतीचा एक सरकारी पुरावा माझ्या पर्समध्येच होता. कॉलेजात असताना काढलेलं माझं लायसन्स बिनगिअर दुचाकीचं. त्यावर गिअरची गाडी चालवणं म्हणजे कायद्याने विनालायसन्स चालवणं आणि अपघात झाला तर विम्याचाही घोळ. ओळखीच्या मैत्रिणींना विचारलं तर दहातल्या सात जणींचं हेच. त्या वेळी एजंटने विचारलंही नव्हतं, मुलगी दिसली की तोच फॉर्म. (बायांनो, आधी तुमचं लायसन्स काढून बघा. हा लेख नंतर वाचा.) मी नव्याने शिकाऊ परवाना काढून, आठचा आकडा काढून, गिअरचं लायसन्स घेतलं.

आता क्रूझर. हा प्रकार अमेरिकेचा. सरळसोट, शेकडो मैल लांब रस्ते, त्यावर दिवसभर बसून जायची गाडी. त्यामुळे सीट खाली, पाय पुढे, हँडल उंच आणि इंजिन असं की कमी फेऱ्यांतही ओढ भरपूर. सारखे गिअर बदलायला नकोत. तिची जाहिरात नेहमीच दाढीवाल्या दांडगोबांनी केली. पण गंमत अशी की तिची शरीररचना बुटक्या माणसाला फार सोयीची आहे. हे अमेरिकनांनाही कळलं होतं. १९८५ साली होंडाने रेबेल २५० काढली, छोटी, हलकी, जमिनीलगत सीट असलेली क्रूझर. तिकडच्या शिकाऊ चालकांच्या वर्गांत ती वर्षानुवर्षं वापरली गेली. म्हणजे दांडगटांची समजली जाणारी गाडी नवख्यांची पहिली गाडीही होती.

तसं तिकडे बायका फार आधीपासून चालवत होत्या. १९१६ साली ऑगस्टा आणि अ‍ॅडेलिन व्हॅन ब्युरेन या बहिणी दोन 'इंडियन' मोटरसायकलींवर न्यूयॉर्कहून निघून अमेरिका ओलांडून लॉस एंजेलिसला पोचल्या. बायकाही सैन्यात निरोप्याचं काम करू शकतात हे त्यांना दाखवायचं होतं. वाटेत पोलिसांनी अटक केली ती वेगासाठी नव्हे, पुरुषी कपडे घातले म्हणून! आणि एवढं करूनही सैन्याने घेतलं नाहीच. आपल्याकडे सीमा सुरक्षा दलाच्या महिलांचं 'सीमा भवानी' पथक २६ जानेवारी २०१८ ला राजपथावर कसरती करत गेलं, साडेतीनशे सीसीच्या एनफिल्डवर. त्या दिवशी आई टीव्हीसमोर हातातली पोळी तशीच ठेवून बसली होती.

महाराष्ट्रात तर गुढीपाडव्याच्या शोभायात्रांनी हे दृश्य घरोघरी पोचवलं. डोंबिवली, गिरगाव, ठाणे. नऊवारी, नथ, फेटा आणि खाली बुलेट. मला ते आवडतं, पण एक शंका नेहमी येते: पाडव्याला फोटो छापून येतात, दुसऱ्या दिवशी त्या गाडीची किल्ली कोणाच्या खिशात असते? म्हणून मला पुण्यात २०११ ला उर्वशी पाटोळेंनी सुरू केलेल्या 'बायकर्नी'चं जास्त कौतुक वाटतं. फक्त बायकांचा रायडिंग क्लब. सण नाही, मिरवणूक नाही, नुसतं चालवणं.

असो. विषयावर येते.

भारतीय कारखान्यांनी क्रूझरचे प्रयोग केले ते नवीन शतकाच्या तोंडावर. २००१ ची कावासाकी बजाज एलिमिनेटर, १७५ सीसी. २००२ ची यामाहा एन्टायसर, १२५ सीसी. २००२ चीच एनफिल्डची थंडरबर्ड. एलिमिनेटर दिसायला देखणी पण महाग, इंजिन कावासाकीचं. २००५ ला बजाजने डोकं चालवलं: सांगाडा तोच ठेवून आत पल्सर १८० चं इंजिन टाकलं, किंमत खाली आणली आणि नाव दिलं अ‍ॅव्हेंजर. पुढे २००७ ला २०० सीसी, २०१० ला २२०, २०१५ ला स्ट्रीट आणि क्रूझ असे अवतार. म्हणजे ज्या इंजिनाच्या जाहिरातीत 'मेल' म्हणून डंका पिटला, त्याच घराण्याचं इंजिन देशातल्या सगळ्यात बुटक्या सीटच्या मोटरसायकलींपैकी एकीत जाऊन बसलं. माझ्यासारखीला पोचेल अशा. जाहिरातवाल्यांनी हे ठरवून केलं नसणार!

मधल्या काळात आणखी बरेच आले-गेले. २०१६ ला यूएमच्या रेनेगेड आल्या, दिसायला झकास, आणि तीनेक वर्षांत कंपनीचं इथलं दुकान मिटलं. २०१७ च्या शेवटी सुझुकीची इंट्रूडर १५० आली, सीट ७४० मिलिमीटर, तीही टिकली नाही. हार्लेने २०२० साली स्वतःचा इथला कारभार गुंडाळून हिरोशी हातमिळवणी केली. त्याच वर्षी नोव्हेंबरात एनफिल्डची मीटिओर ३५० आली आणि मी आधी तिच्याच प्रेमात पडले होते, हे कबूल करते.

इथे 'भरवशाची' या शब्दाशी जरा थांबते. आमच्या धंद्यात सर्व्हर भरवशाचा आहे की नाही हे दोन आकड्यांनी ठरतं. एक, तो सरासरी किती दिवसांनी बंद पडतो. दुसरा, बंद पडला की परत उभा राहायला किती वेळ लागतो. लोक पहिल्याच आकड्याबद्दल बोलतात. गाड्यांच्या बाबतीतही सगळे सांगतात, अमुक गाडी कधी बंदच पडत नाही. पण मी मोहोळ आणि टेंभुर्णीच्या मध्ये, संध्याकाळी सहाला, एकटी असताना क्लच केबल तुटली तर? तेव्हा मला दुसरा आकडा हवा असतो. जवळच्या फाट्यावरच्या मिस्त्रीकडे केबल आहे का? त्याने हे इंजिन आधी उघडलंय का? पल्सरच्या घराण्यातलं इंजिन सोलापूर जिल्ह्यात कुठल्याही गावच्या गॅरेजवाल्याने डोळे मिटून उघडलेलं असतं. इथे एकटीने फिरणाऱ्या बाईचा हिशोब पुरुषापेक्षा वेगळा आहे. रस्त्याकडेला दोन तास थांबणं ही त्याच्यासाठी कटकट, माझ्यासाठी धोका.

मग तक्ता मांडला (एक्सेल, अर्थात). मीटिओरची सीट ७६५ मिलिमीटर, वजन १९१ किलो. अ‍ॅव्हेंजर क्रूझ २२० ची सीट ७३७, वजन १६३. फरक अठ्ठावीस मिलिमीटर आणि अठ्ठावीस किलो! आकडे असे जुळले की मला ते चुकीचे वाटून परत तपासले. अठ्ठावीस मिलिमीटर म्हणजे जेमतेम दोन बोटं, पण सात रस्त्याला माझ्या टाचेखाली तेवढीच कमी पडली होती. आणि पडलेली गाडी उचलताना अठ्ठावीस किलो म्हणजे सिमेंटच्या अर्ध्या पोत्याहून जास्त. मीटिओर गाडी म्हणून सरस आहे, चालवून बघितली, स्थिर आणि शांत आहे. दोन-तीन वर्षं हात बसल्यावर कदाचित घेईनही. पहिली म्हणून नको वाटली.

उंचीच्या आकड्याबद्दल एक सूचना. सीटची उंची कागदावर कमी असली तरी सीट रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि पाय तेवढाच वर राहतो. म्हणून शोरूममध्ये बूट घालून, गाडी स्टँडवरून काढून, दोन्ही टाचा टेकतात का हे बघायचं. सेल्समन हसला तर हसू दे. मग गाडी दहा पावलं मागे ढकलून बघायची. चालवायला सगळ्याच जमतात, पार्किंगमधून मागे काढायला नाही. आमच्या चाटी गल्लीत तर ही कसोटी रोज द्यावी लागते.

क्रूझरचे तोटेही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल एजन्सी घेतली काय. पाय पुढे असल्यामुळे खड्डा आला की स्कूटरवर किंवा साध्या बाइकवर जसं अर्धवट उभं राहून धक्का सोडता येतो तसं इथे जमत नाही. सगळं माकडहाडात जातं. अ‍ॅव्हेंजरचं पोट जमिनीपासून १६९ मिलिमीटर आणि आपल्या गल्लीतले स्पीडब्रेकर प्रत्येकाच्या मर्जीचे. यू-टर्नला लांबलचक अंगण लागतं. आणि साखर कारखाने सुरू झाले की आपल्या जिल्ह्यात रात्री रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर येतात, कित्येकांना मागे दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही. त्यांच्यापुढे कुठलीच गाडी भरवशाची नाही. हंगामात मी अंधार पडल्यावर हायवेला जाणार नाही, हे बाबांना लिहून दिलंय. खरंच, वहीत सही करून.

शेवटी सेकंडहँड घेतली. अ‍ॅव्हेंजर क्रूझ २२०, २०१९ ची. साल मुद्दाम बघितलं. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, म्हणून त्यानंतरची हवी होती. आणि एप्रिल २०२० ला बीएस-६ आलं तेव्हा कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं. इंजेक्शन चांगलंच, पण फाट्यावरच्या मिस्त्रीला कार्ब्युरेटर कळतो. त्यामुळे खिडकी अगदी एका वर्षाची होती. एकवीस हजार किलोमीटर चाललेली, एकच मालक, कागद स्वच्छ. बाबांनी इंजिन थंड असताना सुरू करायला लावलं, धूर बघितला, हँडल सोडून गाडी एका बाजूला ओढते का बघितलं. घासाघीसही त्यांनीच केली. रणगाडा शब्द परत काढला नाही.

घरी आणल्यावर आईने गाडीभोवती एक चक्कर मारली. हळद-कुंकू, नारळ झालं. मग म्हणाली, मागे मी बसू कशी, जाळी कुठंय? आधीच्या मालकाने दिसायला बरं म्हणून साडी गार्ड काढून टाकलं होतं. माझ्या लक्षातच आलं नव्हतं. इतका १२३ नंबरचा नियम वाचून!

सोमवारी लंच ब्रेकमध्ये अशोक चौकातल्या एका गॅरेजमध्ये गेले. मिस्त्रीने साडेतीनशे रुपयांत जाळी बसवून दिली. विचारलं, "ताई, मागं कोण बसणार, मिस्टर?"

म्हणलं, "आई."

रविवारी पहाटे आम्ही दोघी तुळजापूरला जाऊन आलो. पंचेचाळीस किलोमीटर, मध्ये एकदा चहाला थांबलो. आई म्हणाली सीट बरी आहे, पण लूना हलकी होती.